लायन्सचा २०२३ चा हंगाम आणि सांता क्लारातले ते दोन फोर्थ डाऊन

नोवीकर | ३० जानेवारी २०२४

रविवारी रात्री दहाच्या सुमारास टीव्ही बंद केला. घरात कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने लेकीचा फोन आला, ती अ‍ॅन आर्बरला शिकते. रडत होती. मला काय बोलावं सुचेना. शेवटी विचारलं, जेवलीस का?

आमचे डेट्रॉईट लायन्स (अमेरिकन फुटबॉलचा संघ) सांता क्लारात, सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर, त्यांच्याकडून ३४-३१ ने हरले. मध्यंतराला २४-७ ने पुढे होते. सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, तीस मिनिटांवर होता. लायन्स आजवर एकदाही सुपर बोल खेळलेले नाहीत, हे इथल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधीच सांगतो.

काल आणि आज ऑफिसात, किराणा दुकानात, पेट्रोल भरताना एकच विषय: प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलने दोनदा फील्ड गोल का घेतला नाही? सरळ तीन-तीन गुण मिळत होते, ते सोडून फोर्थ डाऊनला खेळायला कशाला गेला? माझ्या मते कॅम्पबेल चुकला नाही. पण ते नीट सांगायचं तर सप्टेंबरपासून सुरुवात करावी लागेल, आणि खरं तर त्याच्याही आधीपासून.

मी २००१ मध्ये पिंपरीहून इथे आलो. तिकडे गाड्या, इकडेही गाड्या. मिशिगनमधल्या निम्म्या मराठी घरांची हीच कथा आहे. २००८ च्या डिसेंबरात मी जिथे काम करत होतो तिथून आमच्या विभागातल्या चाळीस जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. पुढच्या सहा महिन्यांत क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्याच हंगामात लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. सोळा सामन्यांच्या हंगामात असं त्याआधी कुठल्याच संघाचं झालं नव्हतं. आमचे शेजारी असेंब्ली लाइनवरून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांच्याकडे लायन्सची सीझन तिकिटं. त्या वर्षी घरच्या मैदानावरच्या आठही सामन्यांना ते गेले. मी न राहवून विचारलं, कशाला जाता? तिकिटं वडिलांची होती, एवढंच म्हणाले. एका सामन्याला मला बरोबर घेऊन गेले, कारण मी दिवसभर घरी बसून असायचो. फोर्ड फील्ड अर्धं रिकामं होतं. त्या दिवसापासून मी या संघाचा झालो.

कॅम्पबेल त्याच २००८ च्या संघात खेळाडू होता. २०२१ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून परत आला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत, आम्हाला पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याचा लचका तोडू, असं काहीतरी बोलला. देशभर हसले. त्याच सुमारास बारा वर्षं इथे खेळलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला आणि बदल्यात जॅरेड गॉफ आला, सोबत ड्राफ्टचे, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क. स्टॅफर्डने तिकडे पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. आमचे मात्र २०२१ मध्ये तीन विजय, तेरा पराभव, एक बरोबरी. २०२२ मध्ये पहिल्या सातपैकी सहा हरले, आणि मग उरलेल्या दहापैकी आठ जिंकले! शेवटचा सामना ग्रीन बेमध्ये होता. प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, दारं त्याच संध्याकाळी सामन्याआधीच बंद झाली होती, तरी पोरं जीव तोडून खेळली आणि २०-१६ ने जिंकून पॅकर्सनाही बाहेर काढलं. काहीच मिळणार नव्हतं तेव्हा जिंकलेला तो सामना मला अजून फार मोलाचा वाटतो.

आता हा हंगाम. ७ सप्टेंबर, पहिलाच सामना, गतविजेत्या कॅन्सस सिटीच्या मैदानावर. पहिल्या क्वार्टरमध्ये फोर्थ डाऊन, लायन्स स्वतःच्या १७ यार्डांवर. म्हणजे पाठीला अगदी भिंत लागलेली. कुणीही तिथे चेंडू लाथेने लांब उडवून देईल. कॅम्पबेलने पंटचं सोंग केलं, चेंडू थेट जेलन रीव्हज-मेबिनच्या हातात गेला आणि तो धावत पुढे आला. त्याच चढाईत टचडाऊन. सामना २१-२० ने जिंकला. एका गुणाने! त्या रात्री ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच आज त्याला शिव्या देताहेत.

नोव्हेंबरात चार्जर्सविरुद्ध ३८-३८. दोन मिनिटांहून कमी वेळ, फोर्थ डाऊन, दोन यार्ड हवेत, विरोधकांच्या २६ यार्डांवर. फील्ड गोल घेतला असता तर आघाडी मिळाली असती, पण त्यांचा क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टच्या हातात चेंडू गेला असता आणि भरपूर वेळही. कॅम्पबेल खेळायला गेला. गॉफने चेंडू सॅम लापोर्टाला दिला, पोराने तो पकडला, मग घड्याळ संपवून शेवटच्या क्षणी फील्ड गोल. ४१-३८. लापोर्टा यंदाच्या ड्राफ्टमधला, पहिलंच वर्ष!

थँक्सगिव्हिंगला पॅकर्सविरुद्ध तेच पंटचं सोंग, तोच रीव्हज-मेबिन, स्वतःच्या २३ यार्डांवर. फसलं. हरलो. म्हणजे हे धोरण नेहमी फळतं असं मी म्हणत नाही.

तरी बारा विजय, पाच पराभव. एवढे विजय याआधी फक्त १९९१ मध्ये. २४ डिसेंबरला मिनेसोटामध्ये गट जिंकला, तीस वर्षांनी. शेजारी बर्फात घराबाहेर उभे राहून फोनवर बोलत होते, बहुधा भावाशी. मी खिडकीतून हात केला, त्यांनी दोन्ही हात वर केले.

मग १४ जानेवारी. फोर्ड फील्ड २००२ मध्ये बांधलं, तिथला हा पहिला प्लेऑफ सामना. आणि समोर कोण, तर स्टॅफर्डचे रॅम्स! २४-२३. बत्तीस वर्षांत प्लेऑफमधला पहिला विजय. शेवटच्या दोन मिनिटांत गॉफने अमॉन-रा सेंट ब्राऊनकडे चेंडू फेकला आणि सामना संपला. रॅम्सनी ज्याला टाकून दिलं त्या गॉफच्या नावाचा घोष साठ-पासष्ट हजार माणसं एका सुरात करत होती. पुढच्या रविवारी टँपा बेला ३१-२३ ने हरवलं.

आणि मग सांता क्लारा. तिसरा क्वार्टर, २४-१० ने पुढे, विरोधकांच्या २८ यार्डांवर फोर्थ डाऊन, दोन यार्ड हवेत. गॉफचा पास जॉश रेनॉल्ड्सच्या हातात आला आणि सुटला. पुढे चौथ्या क्वार्टरमध्ये २७-२४ ने मागे, ३० यार्डांवर फोर्थ डाऊन, तीन यार्ड हवेत. पुन्हा खेळले, पुन्हा फसलं.

माझं म्हणणं एवढंच. कॅन्सस सिटीची ती रात्र हवी असेल, चार्जर्सवरचा विजय हवा असेल, तर सांता क्लाराही त्याच माणसाकडून घ्यावं लागतं. अकरा महिने खेळाडूंना सांगायचं की माझा तुमच्यावर विश्वास आहे, आणि हंगामातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी किकरला बोलवायचं, हे त्याच्याने झालं नसतं. झालं असतं तर आपण तिथवर पोचलोच नसतो.

बाकीच्यांचं काय मत? इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे किती आहेत माहीत नाही, पण मन मोकळं करावंसं वाटलं.

---

इंद्रायणी | ३० जानेवारी २०२४

मनापासून लिहिलंय. शेजारच्या काकांचा भाग वाचून गलबलून आलं. पण मी तळेगावात राहते आणि हा खेळ कधीच पाहिलेला नाही. फोर्थ डाऊन म्हणजे काय ते सांगाल का? सगळा वाद त्यावरच आहे असं दिसतंय.

---

नोवीकर | ३० जानेवारी २०२४

इंद्रायणी, जरूर. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाऊन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार नव्या संधी. तीन संधींत दहा यार्ड झाले नाहीत तर चौथीला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब उडवून देतात, त्याला पंट म्हणतात, म्हणजे विरोधकांना लांबून सुरुवात करावी लागते. गोलखांब जवळ असतील तर दोन खांबांमधून मारून तीन गुण घेतात, तो फील्ड गोल. आणि चौथीला खेळायला गेलात आणि फसलात, तर विरोधकांना चेंडू तिथल्या तिथे मिळतो. टचडाऊनचे सहा गुण, वर एक किकचा.

तुम्ही प्रो कबड्डी पाहिली असेल. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो. चढाईपटूने गुण आणला नाही तर तो बाद. तसंच समजा. फरक एवढाच की कबड्डीत ती चढाई करावीच लागते. इथे प्रशिक्षकाला सुटकेचा रस्ता असतो, आणि कॅम्पबेल तो रस्ता घेत नाही.

---

इंद्रायणी | ३० जानेवारी २०२४

आता कळलं! मग मला तो आवडला.

---

पाँटियाकचे काका | ३१ जानेवारी २०२४

मी १९७४ साली मिशिगनला आलो. वय झालं, मराठी टंकायला वेळ लागतो, तरी या धाग्यावर लिहायलाच हवं.

५ जानेवारी १९९२ ला मी पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये होतो. लायन्सनी डॅलसला ३८-६ ने धुतलं. त्या हंगामात नोव्हेंबरमध्ये माइक अटली नावाचा आमचा खेळाडू मानेवर पडला आणि छातीखालचं शरीर कायमचं लुळं झालं. स्ट्रेचरवरून नेताना त्याने अंगठा वर केला होता. मी तिथे होतो. तेव्हापासून सगळा संघ त्याच्यासाठी खेळत होता. डॅलसच्या त्या सामन्यात बॅरी सँडर्सने शेवटी शेवटी मारलेली धाव आठवली की अजून अंगावर काटा येतो. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनने आम्हाला ४१-१० ने हरवलं. आम्हाला वाटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष यायला बत्तीस वर्षं लागली. भारत १९८३ नंतर २०११ ला विश्वचषक जिंकला तेव्हा सगळे म्हणत होते अठ्ठावीस वर्षं थांबलो. लायन्स शेवटचे विजेते झाले १९५७ मध्ये. सहासष्ट वर्षं झाली.

बॅरीने १९९७ च्या हंगामात दोन हजारांहून जास्त यार्ड काढले. १९९९ मध्ये धावून काढलेल्या यार्डांचा सार्वकालिक विक्रम हाताशी असताना त्याने गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली. तो थकला नव्हता, हरण्याला कंटाळला होता. मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

नोवीकर, तुमच्या मताला माझा पाठिंबा आहे, आणि त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. २००२ मध्ये शिकागोविरुद्ध सामना जादा वेळेत गेला. तेव्हा नियम असा होता की पहिला गुण करेल तो जिंकला. नाणेफेक लायन्सनी जिंकली, आणि आमच्या प्रशिक्षकांनी वारा पाठीशी हवा म्हणून चेंडू शिकागोला देऊन टाकला! शिकागोने फील्ड गोल मारला, सामना संपला. आमच्या पोरांच्या हाती चेंडू आलाच नाही. स्वतःच्या पोरांवर भरवसा नसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. कॅम्पबेल हरला ते आपल्या पोरांच्या हातात चेंडू देऊन हरला. दोन्हींत फार फरक आहे.

---

आकडेमोड | ३१ जानेवारी २०२४

काका, नोवीकर, दोघांच्या भावनेचा आदर आहे, पण मी सहमत नाही. किमान अर्धा.

पहिला निर्णय बरोबर होता. दोन यार्ड हवे असताना लायन्सची पुढची फळी, पेनाय सूएल वगैरे, ती जागा निम्म्याहून जास्त वेळा काढते. २८ यार्डांवरून फील्ड गोल म्हणजे साधारण ४६ यार्डांची किक, उघड्या मैदानावर. लायन्स घरी छताखाली खेळतात. त्यांचा किकर बॅजली यंदा डिसेंबरापासूनच खेळत होता. ती किक हमखास नव्हती. तिथे 'तीन गुण सोडले' म्हणणारे लोक ती किक गेलीच असती असं गृहीत धरतात.

दुसरा निर्णय मला पटत नाही. तीन गुणांनी मागे, साडेसात मिनिटं शिल्लक, ४८ यार्डांची किक गेली तर बरोबरी. एव्हाना संघाचे पाय लटपटत होते. पहिल्या फसलेल्या फोर्थ डाऊननंतर काय झालं ते आठवा. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक पर्डीने लांब फेकलेला चेंडू आपल्या विल्डोरच्या हेल्मेटवर आपटला, उडाला आणि त्यांच्या अयूकने झेपावून पकडला. ५१ यार्ड. टचडाऊन. पुढच्याच चेंडूला आपल्या गिब्सच्या हातून चेंडू निसटला. पुन्हा टचडाऊन. बघता बघता २४-२४. अशा वेळी बरोबरी करून पोरांना श्वास घेऊ द्यायला हवा होता. गणिताने दोन्ही पर्यायांत फार अंतर नव्हतं हे मान्य, पण अंतर नसतं तेव्हाच माणसं बघून ठरवायचं असतं.

आणि एका गोष्टीवर कुणी बोलत नाही. पहिल्या हाफच्या शेवटी लायन्स गोल रेषेपासून तीन यार्डांवर होते, फोर्थ डाऊन. तिथे कॅम्पबेलने फील्ड गोल घेतला आणि २४-७ केलं. म्हणजे तो डोळे मिटून खेळायला जातो हे खरं नाही. तो वेळ आणि जागा बघतो. मग दुसऱ्या वेळी का नाही बघितली?

माझ्या लेखी त्या रात्रीची सगळ्यात मोठी चूक तिसरीच होती. शेवटचा मिनिट, दहा गुणांनी मागे, गोल रेषेवर थर्ड डाऊन. तिथे माँटगोमेरीला चेंडू देऊन धाव घेतली, ती अडली, आणि घड्याळ थांबवायला एक टाइमआऊट खर्च झाला. पुढच्या चेंडूला टचडाऊन झाला, पण तीन टाइमआऊट हातात असते तर नेहमीची किक मारून चेंडू परत मिळवायची आशा होती. ती गेली. उरला फक्त ऑनसाइड किकचा जुगार, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम आखूड मारलेली किक, आणि तो चेंडू त्यांच्या किटलने आरामात पकडला. तिथे पास फेकायला हवा होता. यावर माझं ठाम मत आहे.

---

नोवीकर | ३१ जानेवारी २०२४

आकडेमोड, थर्ड डाऊनबद्दल १०० टक्के सहमत. मी लेखात ते लिहिलं नाही कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हाफच्या शेवटच्या फील्ड गोलचा मुद्दाही चांगला आहे, माझ्या लक्षात नव्हता.

दुसऱ्या फोर्थ डाऊनबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे. सामन्यानंतर कॅम्पबेलने त्या निर्णयांचा पश्चात्ताप नसल्याचं सांगितलं. आणि खेळाडूंना काय सांगितलं तेही बोलला, की कदाचित ही आपली एकमेव संधी असेल, कारण इथवर पोचणं किती अवघड आहे हे त्याला ठाऊक आहे. डोळे भरलेले असताना एवढं खरं बोलणारा माणूस मला हवा आहे.

---

पहाटेचा प्रेक्षक | ३१ जानेवारी २०२४

पुण्याहून. डेट्रॉईटमध्ये चार वर्षं प्रोजेक्टवर होतो, २०१९ ला परत आलो, संघ सुटला नाही.

रॅम्सचा सामना आपल्याकडे १५ जानेवारीला सकाळी साडेसहाला होता, संक्रांतीच्या दिवशी. आई स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होती आणि मी हॉलमध्ये आवाज बंद ठेवून बघत होतो. शेवटचा पास पकडला गेला तेव्हा ओरडलो. आई धावत आली. मी म्हटलं, बत्तीस वर्षांनी जिंकलो. तिने काही न विचारता माझ्या हातावर वडी ठेवली.

परवा पहाटे पाचला उठलो होतो. मध्यंतराला, सहा-सव्वासहाला, चहा केला आणि सुपर बोलच्या दिवशी सुट्टी टाकायची ठरवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हातातोंडाशी आलेला घास.

एक गोष्ट मात्र कुणीतरी लिहायला हवी. ३० डिसेंबरला डॅलसमध्ये जे झालं ते. तेवीस सेकंद बाकी, टचडाऊन, १९-२०. कॅम्पबेल बरोबरीचा एक गुण न घेता विजयाच्या दोन गुणांसाठी गेला, आणि चेंडू टेलर डेकरने पकडला! डेकर पुढच्या फळीतला, त्याने पास पकडायचा असेल तर आधी पंचांना कळवावं लागतं. पंचांनी म्हटलं, कळवलं ते ७० नंबरच्या स्किपरने, ६८ नंबरच्या डेकरने नाही. गुण रद्द. त्यानंतरही कॅम्पबेलने किक घेतली नाही, आणखी दोनदा प्रयत्न केला. तो सामना जिंकला असता तर प्लेऑफमधल्या मानांकनाचं चित्र वेगळं असतं. मी चित्रफीत वीस वेळा पाहिली, डेकर पंचांकडे जाताना स्पष्ट दिसतो.

---

पाँटियाकचे काका | १ फेब्रुवारी २०२४

डॅलसबद्दल माझंही तेच मत. तरी बघा, पूर्वीचा संघ असता तर त्या सामन्यानंतर गळाठला असता. इथले लोक 'पुन्हा तेच लायन्स' म्हणतात ते उगाच नाही. या पोरांनी पुढच्या आठवड्यात मिनेसोटाला हरवलं. मला या हंगामातला सगळ्यात मोठा बदल तो वाटतो.

---

खाडीकाठचा | १ फेब्रुवारी २०२४

मी सनीव्हेलला असतो, फोर्टीनाइनर्सचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा. त्या रात्री मैदानातच होतो. तुम्हा सगळ्यांचं वाचून लिहावं की नको असा विचार करत होतो.

मध्यंतराला आमच्याकडे सन्नाटा होता. लायन्सनी पहिल्याच चढाईत जेमसन विल्यम्सची ४२ यार्डांची धाव काढली आणि नंतर गिब्स-माँटगोमेरी जोडी आम्हाला अक्षरशः तुडवत होती. माझ्या बाजूचे दोघे निघून गेले. लायन्सबद्दल सांगतो, यंदा आमच्या मैदानावर इतका ताकदीने धावणारा संघ मी पाहिला नाही.

पण आमच्या पोरांनाही श्रेय द्या. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा निवडलेला खेळाडू, २६२ वा. दुसऱ्या हाफमध्ये पास सुचेना तेव्हा तो स्वतः पळत सुटला आणि चढाया जिवंत ठेवल्या. रेनॉल्ड्सच्या हातून चेंडू सुटला म्हणून आम्ही जिंकलो असं नाही. सुटल्यावर मिळालेली संधी आम्ही घेतली.

कॅम्पबेल किक घेईल असं मैदानात कुणाला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या फोर्थ डाऊनला माझे हात थंड पडले होते, हे मी मान्य करतो. किकर आला असता तर मला हायसं वाटलं असतं. यावरून काय ते समजा.

---

नोवीकर | १ फेब्रुवारी २०२४

खाडीकाठचे भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. पर्डीच्या त्या धावांना आमच्या बचावाकडे उत्तर नव्हतं, यात वाद नाही. ११ तारखेच्या सुपर बोलला मनापासून शुभेच्छा.

---

खाडीकाठचा | १२ फेब्रुवारी २०२४

धागा वर काढतोय. काल लास व्हेगासला आम्ही कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २५-२२ ने हरलो. १९९४ च्या हंगामानंतर आम्हीही सुपर बोल जिंकलेला नाही.

झोप आली नाही म्हणून हा धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. जादा वेळेत पहिला चेंडू आम्हाला मिळाला. कॅन्ससच्या ९ यार्डांवर फोर्थ डाऊन, चार यार्ड हवे. आम्ही फील्ड गोल घेतला. शंभरातले नव्याण्णव प्रशिक्षक घेतील. तीन गुणांची आघाडी झाली. मग त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सच्या हातात चेंडू गेला, त्याने सगळं मैदान पार केलं आणि हार्डमनला टचडाऊन दिला. संपलं.

खेळायला गेलो असतो तर जिंकलोच असतो असं म्हणत नाही. पण तो फील्ड गोल खांबांमधून गेला तेव्हा मला आनंद झाला नाही. पोटात खड्डा पडला होता. महोम्स बाकी आहे हे दिसत होतं. तेव्हा नोवीकरांचा चार्जर्सचा किस्सा आठवला, हर्बर्टच्या हातात चेंडू द्यायचा नाही म्हणून खेळायला गेलेला.

---

आकडेमोड | १२ फेब्रुवारी २०२४

वाईट वाटलं. आणि हो, तो मुद्दा मलाही विचार करायला लावतोय. समोर कोण बसलंय हे कुठल्याच तक्त्यात पुरेसं उतरत नाही.

तरी सांता क्लारातल्या दुसऱ्या फोर्थ डाऊनबद्दल माझं मत बदललेलं नाही.

---

नोवीकर | २८ एप्रिल २०२४

तीन दिवस डेट्रॉईटमध्ये एनएफएल या आमच्या लीगचा ड्राफ्ट होता. शेजाऱ्यांना घेऊन पहिल्या दिवशी कॅम्पस मार्शियसला गेलो. त्यांना आता फार वेळ उभं राहवत नाही, एका कठड्यावर बसवलं. तिन्ही दिवस मिळून पावणेआठ लाख लोक आले, ड्राफ्टचा विक्रम. माझी नोकरी गेली त्या हिवाळ्यात याच रस्त्यांवर संध्याकाळी पाचनंतर चिटपाखरू नसायचं. गॉफच्या नावाचा घोष तिथेही सुरू झाला आणि शेजारी टाळी वाजवून ताल धरत होते. लेक म्हणाली, बाबा, फोटो काढू नका, नुसतं बघा. मी एकच काढला.

---

इंद्रायणी | १९ जानेवारी २०२५

नोवीकर, धागा शोधून काढला. यंदा मी सगळा हंगाम पाहिला, बहुतेक सामने दुसऱ्या दिवशी सकाळी. पंधरा विजय, दोनच पराभव! हचिन्सनचा पाय ऑक्टोबरात डॅलसला मोडला तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ होते. आणि आज सकाळी पाहिलं, घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१. पाच वेळा चेंडू गमावला. कसे आहात? शेजारचे काका कसे आहेत?

---

नोवीकर | १९ जानेवारी २०२५

इंद्रायणी, आठवणीने विचारलंत, बरं वाटलं. यंदाचा पराभव वेगळा आहे. गेल्या वर्षी एका निर्णयावर बोट ठेवता येत होतं. काल बचावाच्या फळीतली अर्धी पोरं जखमी होऊन बाहेर बसलेली, गॉफचा दिवस वाईट, आणि समोर जेडन डॅनियल्स नावाचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक घाबरतच नव्हता. बेन जॉन्सन आणि अ‍ॅरन ग्लेन, दोघेही कॅम्पबेलचे मुख्य साहाय्यक, आता दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होतील असं दिसतंय. ते जाणं मला पराभवापेक्षा जास्त लागेल.

शेजारी बरे आहेत. काल मैदानात गेले नव्हते, आमच्याकडेच बसून पाहिलं. बायकोने साबुदाण्याची खिचडी केली होती, त्यांना आवडते. जाताना म्हणाले, तिकिटं पुढच्या वर्षापासून तुझ्या लेकीच्या नावावर करतो. मी नको म्हटलं. ते ऐकणार नाहीत.

---

इंद्रायणी | १९ जानेवारी २०२५

घ्या ती. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक कधी येतं?

---

नोवीकर | १९ जानेवारी २०२५

मे महिन्यात.